कागदावर नसलेली झाडं

मुस्तापालू गावात कुणालाही विचारा, हाइनो उइबोच्या मोजणीत कधी खोट निघालेली नाही. माणूस तसा घुम्या. लग्नाला बोलावलं तरी कोपऱ्यात बसणार, मयताला बोलावलं तरी कोपऱ्यातच. पण जंगलात नेऊन सोडा, अर्ध्या दिवसात तो सांगेल की पाइन किती, स्प्रूस किती, बर्च किती आणि प्रत्येकाची उंची केवढी. वरून तालेवार दिसणारं झाड आतून कुजलंय हे तो बुंध्यावर कुऱ्हाडीचा दांडा आपटून ओळखायचा. बत्तीस वर्षं सरकारी वनरक्षक होता. त्यातली बरीचशी मॉस्कोच्या अमलाखाली गेली, उरलेली आपल्या एस्टोनियाच्या. पगार दोन्हीकडे सारखाच कमी होता, असं तो म्हणायचा, आणि हा त्याचा एकुलता एक विनोद होता.

निवृत्त झाल्यावर त्याचा भाव उलट वाढला. राज्य बदललं तेव्हा जमिनी जुन्या मालकांना परत मिळाल्या होत्या, पण तोवर मालक म्हातारे झाले होते आणि त्यांची मुलं राजधानीला, तालिनला नाहीतर समुद्रापलीकडे फिनलंडला पोचली होती. चौदा हेक्टर जंगल घेऊन एकटी बाई करणार काय? मग स्वीडनचे, फिनलंडचे, डेन्मार्कचे लोक यायला लागले. भाड्याची गाडी, कोरे करकरीत गमबूट आणि सोबत तालिनहून आलेली, चार भाषा बोलणारी एखादी मुलगी. त्यांना आमचं जंगल फार आवडायचं. आम्हालाही आवडायचं म्हणा, पण आम्हाला ते कुणी विचारत नव्हतं. या पाहुण्यांना पुढे चालायला एक माहीतगार माणूस लागायचा आणि तो हाइनो असायचा. दलाली त्यानं कधी केली नाही. मोजायचं, कागद करायचा, मजुरी घ्यायची आणि घरी जायचं. विकणारे आणि घेणारे दोघंही त्या कागदावर डोळे मिटून सही करत.

२००६च्या सप्टेंबरात प्रेबेन नावाचा एक डॅनिश माणूस आला. दातांचा डॉक्टर होता, दवाखाना बंद करून निवांत झाला होता आणि आयुष्यभराची शिल्लक नातवंडांसाठी जंगलात घालावी असं त्याच्या मनात होतं. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते ऐकून लोक त्यालाच शिव्या घालतात आणि हाइनोला ते जास्त लागतं.

त्याला दाखवायचं जंगल होतं आंसीच्या माइमूचं. आंसी हे तिच्या घराचं नाव. माइमू एकाहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, तोंड मात्र शाबूत. तिचा नवरा आर्नोल्ड सहा वर्षांपूर्वी गेला. आर्नोल्ड आणि हाइनो शाळेपासूनचे. एका बाकावर बसले, सैन्यात एकाच वर्षी गेले, आणि पुढे चाळीस वर्षं दर शनिवारी एकाच सॉन्यात, अंगणातल्या त्या गरम वाफेच्या खोपटात, घाम काढत बसले. दोघांत मिळून शंभर शब्द बोलले असतील तर शपथ.

प्रेबेननं येताना माइमूसाठी गुलाब आणले, मोजून दहा. आमच्याकडे सम संख्येची फुलं फक्त कबरीवर नेतात. माइमूनं हसून फुलं घेतली, पाठ वळवली आणि त्यातलं एक काढून खिडकीतल्या पेल्यात खोचलं. उरलेली नऊ टेबलावर आली. दुभाषी मुलगी केर्तू, तिनं हे पाहिलं आणि हळूच विचारलं, त्यांना सांगू का? माइमू म्हणाली, "राहू दे गं. पाहुणा आहे, कशाला ओशाळवायचं." मग तिनं शहाजिऱ्याच्या वासाचं घरचं चीज कापलं, बटाटे वाढले, थिजवलेल्या मांसाची थंड चकती वाढली आणि पाहुणा दोनदा मागून जेवला. हाइनो कोपऱ्यात बसून मनातल्या मनात हसला. जे आपल्यातलं आहे ते परक्याला सांगत बसायचं नाही, ही आमची जुनी खोड आहे आणि तेव्हा ती त्याला खोड वाटतच नव्हती.

जेवण झाल्यावर तिघं जंगलात गेले. हाइनो पुढे, मागे नवे गमबूट, त्यामागे केर्तू. प्रेबेन प्रत्येक झाडाला हात लावून पाहत होता. दातांकडे बघायची सवय असावी. हद्दीवरून फिरत फिरत ते गावातून दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर आले. तिथे कडेला नऊ जुनी पाइनची झाडं होती आणि त्यांच्या खोडांवर क्रूस कोरलेले होते.

आमच्या भागात मयत घरातून निघालं की सरळ दफनभूमीत जात नाही. वाटेत जंगलाच्या कडेला गाडी थांबते. घरातला कुणी पुरुष कुऱ्हाडीनं जिवंत झाडावर क्रूस कोरतो, बाकीचे थोडी दारू घेतात, थोडी जमिनीवर ओततात, आणि मग गाडी पुढे जाते. मेलेल्या माणसानं त्या क्रूसाच्या अलीकडे यायचं नसतं. कधी घराची ओढ लागून निघालाच, तर त्या झाडापाशी त्याला आठवतं की आपण गेलो आहोत, आणि तो मागे फिरतो. त्या झाडाला पुढे कुणी हात लावत नाही. मुस्तापालूची माणसं कित्येक पिढ्या त्याच वळणावर थांबत आली. काही क्रूस इतके जुने की साल वाढून नुसता वण उरला होता. सगळ्यात नवा आर्नोल्डचा. तो हाइनोनंच कोरला होता, कारण आर्नोल्डचा मुलगा तार्मो फिनलंडहून आला खरा, पण कुऱ्हाड कुठल्या बाजूनं धरायची हेच त्याला आठवेना.

त्या दिवशी ऊन उतरत होतं आणि हे तिघं रस्त्याच्या बाजूला उभे नव्हते, आतून आले होते. क्रूस रस्त्याकडे तोंड करून होते. प्रेबेनला दिसली ती नऊ सरळसोट खोडं. तो थांबला आणि त्यानं केर्तूला काहीतरी विचारलं. केर्तू म्हणाली, "ते विचारतायत, या जंगलात असं काही आहे का, ज्याला हात लावू नये? पक्ष्याचं घरटं, जुनी विहीर, कुणाची श्रद्धेची जागा, काहीही. सांगा म्हणतात, ते कागदात लिहून ठेवतील."

हाइनोच्या अगदी जिभेवर आलं होतं. दोन पावलं पुढे टाकून, झाडाला वळसा घालून बोट दाखवायचं, बस. पण त्याच्या डोळ्यांसमोर आली केर्तूची नीटनेटकी वही आणि त्या दातांच्या डॉक्टरचा स्वच्छ चेहरा. काय सांगायचं? की आमची मेलेली माणसं रस्त्यानं चालत घरी येतात आणि झाड पाहून परत जातात? आणि दुसरीही एक गोष्ट होती, ती जुनी. पूर्वी वरचे साहेब तपासणीला यायचे तेव्हा वनरक्षकांनी ही झाडं कधीच कागदावर आणली नाहीत. कागदावर आलं की कुणीतरी विचारणार, हे काय खूळ, आणि पहिली कुऱ्हाड तिथेच पडणार. म्हणून मोजताना नुसतं पुढे जायचं. पन्नास वर्षं ती झाडं वाचली ती कुणी लिहिलं नाही म्हणून वाचली. बत्तीस वर्षांची सवय हाइनोच्या हातात होती.

तो म्हणाला, "नाही. तसं काही नाही."

केर्तूनं वहीत लिहून घेतलं. पुढे आठ दिवसांनी हाइनोनं कागद केला, त्यातही शेवटी लिहिलं की तोडीला कसली अडचण नाही.

माइमू मुळात विकायला नाखूष होती. पण छप्पर तीन ठिकाणी गळत होतं आणि तार्मो फोनवर मागे लागला होता. शेवटी तिनं हाइनोला विचारलं आणि हाइनो म्हणाला, विक, माणूस बरा आहे. व्होरू गावात सह्या करायला गेले तेव्हा कचेरीच्या बोळात तिनं त्याची बाही धरली.

"हाइनो, ते वळणावरचं."

"माहीत आहे."

"बरं," ती म्हणाली आणि आत जाऊन सही करून आली. तिच्या दृष्टीनं तो विषय संपला. हाइनोनं माहीत आहे म्हटलं म्हणजे हाइनोनं बघून घेतलं.

आंसीच्या घरावर नवं पत्र्याचं छप्पर चढलं. डिसेंबरात तार्मो गाडी घेऊन आला आणि आईला हिवाळ्यापुरतं फिनलंडला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरला गुडघे दाखवायचे होते. जाताना तिनं किल्ली हाइनोकडे दिली आणि मांजरही दिलं.

फेब्रुवारीत झाडं तोडायचं मोठं यंत्र आलं. जमीन गोठलेली असते तेव्हाच ते आत जाऊ शकतं. चालवणारा पोरगा पार दुसऱ्या टोकाचा, पार्नूकडचा. त्याला आमचं वळण काय माहीत? त्याला नकाशा दिला होता आणि तो नकाशाप्रमाणे चालला होता. बर्फ खोडांना चिकटून बसला होता, क्रूस त्याच्याखाली.

हाइनोचं घर तिथून दीड किलोमीटरवर. थंडीत आवाज लांब जातो. सकाळपासून त्याला यंत्र ऐकू येत होतं. नेमका त्या दिवशी त्यानं सॉन्यात डुकराचं मांस धुरावर टांगलं होतं. ते काम तीन दिवसांचं असतं. आग फार पेटली तर मांस शिजतं, विझली तर आंबतं, माणसाला तिथून हलता येत नाही. हाइनो ओंडक्यावर बसून आल्डर झाडाच्या ढलप्या टाकत होता आणि ऐकत होता. दुपारी आवाज वळणाच्या बाजूला सरकला. हे त्याला कळलं. जंगलात आयुष्य गेलेल्या माणसाला आवाज कुठून येतो हे कळतंच. त्याच्या मनात आलं, जाऊन एकदा बघून यावं. मग त्यानं स्वतःला समजावलं की ती झाडं कोण तोडतंय, कुणी तोडत नाही, आजवर कुणी तोडली आहेत का? आणि त्यानं आणखी चार ढलप्या टाकल्या. संध्याकाळी यंत्र थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. वळण लांबूनच उघडं दिसलं. रस्ता एकदम रुंद झाल्यासारखा वाटला. जवळ गेल्यावर त्यानं बुंधे मोजले, सवयीनं, नऊ. ताजे, पिवळे, अजून डिंक गाळणारे. निम्मे ओंडके ट्रकनं पहाटेच नेले होते. उरलेल्या ढिगाऱ्यात तो तासभर ओंडके उलटत राहिला, बोटं बधिर होईपर्यंत. दोन जुने वण सापडले. आर्नोल्डचा क्रूस सापडला नाही. तो बर्फातच बसला. आपण रडू असं त्याला वाटलं, पण रडू आलं नाही. 

काल्यू हा त्याचा शेजारी. त्याच्या बापाचा क्रूसही तिथेच होता. तो मागून येऊन कधी उभा राहिला ते हाइनोला कळलं नाही. काल्यूनं बुंध्यांकडे पाहिलं, ढिगाऱ्याकडे पाहिलं आणि खिशात हात घातले.

"तुझी मोजणी चोख असते बाबा," तो म्हणाला, "एक झाड इकडचं तिकडे होत नाही." आणि निघून गेला.

यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं. गावात बाकी कुणी अवाक्षर काढलं नाही. मंगळवारी फिरतं दुकान यायचं, बायका पाव घेत उभ्या असायच्या, हाइनो आला की त्या हवेबद्दल बोलायला लागायच्या. आमच्याकडे माणसाला वाळीत टाकत नाहीत. हवेबद्दल बोलतात.

त्यानं केर्तूला फोन केला. आवाज चढवून बोलायचं असं ठरवून केला होता, पण चढवायला आवाजच नव्हता. केर्तूनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं त्याचाच कागद काढून त्यातली शेवटची ओळ त्याला वाचून दाखवली. उद्धटपणे नव्हे, मऊ आवाजात, आणि ते जास्त वाईट. प्रेबेनला ती लगेच कळवणार होती, त्याला फार लागेल म्हणाली. शेवटी म्हणाली, "काका, तुम्ही एक शब्द बोलला असतात ना, तर झाडांना लाल फीत बांधली असती. तेवढ्यानं भागलं असतं."

लाल फीत त्याच्या डोक्यातून जाईना. त्याच्या कपाटात तसल्या फितीची तीन रिळं पडून होती.

मार्चमध्ये एकदा तर त्यानं हद्द केली. वळणाच्या पलीकडल्या बाजूला, दुसऱ्याच्या जमिनीत, साधारण तेवढ्याच जाडीचं एक पाइन होतं. कुऱ्हाड आणि छिन्नी पिशवीत घालून तो तिथे गेला. माइमूची नजर अधू झालेली, गाडीतून जाताना तिला कडेला एक क्रूस दिसला की पुरे, असा त्याचा हिशेब. त्यानं साल तासायला कुऱ्हाड उचलली. तेव्हा त्याला आर्नोल्डच्या मयताचा दिवस आठवला. मागे गाडीत पेटी होती, माइमू काळा रुमाल बांधून उभी होती आणि तो क्रूस कोरत असताना ती म्हणाली होती, खोल कोर रे, म्हणजे त्याला दिसेल. आता गाडी नव्हती, पेटी नव्हती, दारू ओतायला कुणी नव्हतं. कोरून जो झाला असता तो नुसता खोडावरचा ओरखडा. आपण एका म्हातारीलाच नाही तर मेलेल्या दोस्तालाही फसवायला निघालोय, हे ध्यानात येऊन त्याला स्वतःची शिसारी आली. कुऱ्हाड पिशवीत गेली.

त्यानं ठरवलं, माइमू आली की पहिल्यांदा सांगायचं. रस्त्यानं तिला दिसायच्या आत.

एप्रिलच्या शेवटी ती आली. हाइनो व्होरूच्या बस थांब्यावर गाडी घेऊन गेला. ती खाली उतरली ती हसतच, हातात दोन पिशव्या. एकीत त्याच्यासाठी फिनलंडची कॉफी आणि स्वतः विणलेले पायमोजे होते. गाडीत बसल्या बसल्या तिची टकळी सुरू झाली. तार्मोची बायको सुपात मीठच घालत नाही. तिथल्या डॉक्टरनं शरद ऋतूत दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया करू म्हटलंय, पुढच्या वर्षी ती नाचेल म्हणे. आणि छप्पर, हिवाळाभर एक थेंब गळला नाही ना? "तू विक म्हणालास म्हणून झालं बघ सगळं," ती म्हणाली. "मी एकटी असते तर अजून बादल्या मांडत बसले असते."

हाइनोनं तोंड उघडलं. समोर वळणाकडे जाणारा फाटा दिसत होता. त्यानं गाडी डावीकडे घातली, लांबच्या रस्त्यानं.

"इकडून का रे?"

"तिकडे चिखल झालाय," तो म्हणाला.

वीस मिनिटांचा वळसा होता. त्या वीस मिनिटांत सांगता आलं असतं. त्यानं पायमोजे छान आहेत म्हणून सांगितलं.

तिला चालवत नव्हतं, त्यामुळे ती अंगणाबाहेर फारशी जात नव्हती. दुकान दारात यायचं. गावातल्या कुणीही तिला काही सांगितलं नाही. दया म्हणून नव्हे. ते सांगायचं काम कुणाचं आहे हे सगळ्यांना माहीत होतं. जूनमध्ये दफनभूमीचा वार्षिक दिवस येणार होता, त्या दिवशी सगळं गाव कबरींवर जातं आणि त्याच रस्त्यानं जातं. हाइनो कॅलेंडरकडे बघायचा आणि उद्या म्हणायचा.

मे महिन्यात तो तिचं बटाट्याचं वावर नांगरायला गेला. दरवर्षी जायचा. काम झाल्यावर माइमूनं त्याला आत बोलावलं, कॉफी ओतली आणि समोर बसली. दुपार कलली होती, उन्हं टेबलावर आली होती. तिचा चेहरा उतरलेला होता, हे त्याला तेव्हा दिसलं.

"तुला एक सांगते, हसायचं नाही," ती म्हणाली. "आर्नोल्ड यायला लागलाय."

हाइनोनं कप खाली ठेवला.

ती सांगत गेली. आल्यापासून तीन आठवडे हे चाललंय. असाच दिवस कलला की कडी वाजते. तो बसायचा ती शेकायच्या भट्टीजवळची बाकाची कड करकरते. मांजर उठून जागा देतं. भीती नाही वाटत, भीती कसली, पंचेचाळीस वर्षं नांदले त्याच्याशी. पण सहा वर्षं आला नव्हता. आपल्या जागी शांत होता. मग आताच का? तिनं खूप विचार केला आणि तिला एकच सुचलं. घर सोडून चार महिने लेकाकडे जाऊन बसली. घर थंड पडलं, खिडकीत दिवा नव्हता, त्याला वाटलं असेल की ही आपल्याला विसरली. त्याचाच त्याला राग आला असणार.

"तार्मोला कळवलं मी," ती म्हणाली. "शस्त्रक्रिया नको. आता घर सोडून कुठे जाणार नाही मी. माझीच चूक झाली ती."

 तीन महिने हाइनो स्वतःला सांगत आला होता की तिला कळलं तर ती मोडून पडेल, म्हणून गप्प राहणंच बरं. आणि इथे ती त्याचं ओझं उचलून स्वतःच्या पाठीवर घेऊन बसली होती, त्या मोडक्या गुडघ्यांवर.

"माइमू, झाड नाहीये."

"कुठलं झाड?"

"आर्नोल्डचं. वळणावर एकही नाही. फेब्रुवारीत तोडली."

 बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. मग तिनं विचारलं, "त्या डॅनिश माणसानं?"

"त्याचा दोष नाही. त्यानं विचारलं होतं मला. तिथेच उभा राहून विचारलं, हात लावू नये असं काही आहे का. मी नाही म्हटलं."

"का रे?"

"लाज वाटली," हाइनो म्हणाला. "त्याच्यासमोर, त्या पोरीसमोर. हसतील वाटलं."

माइमूनं मान हलवली. हसली नाही, चिडली नाही. दहा गुलाबांतलं एक फूल तिनंही गुपचूप काढून ठेवलं होतं, ते तिला आठवलं की काय कोण जाणे. तिनं टेबलावरचे पावाचे कण बोटानं एका जागी गोळा केले.

"यंत्र आलं तेव्हा कुठे होतास तू?"

"घरी. सॉन्यात मांस टांगलं होतं."

"ऐकू आलं होतं?"

आता खरं म्हणजे नाही म्हणता आलं असतं. वारा उलटा होता म्हणायचं, आत आगीचा आवाज होता म्हणायचं. तपासायला कोण जाणार होतं? माइमू त्याच्याकडे बघतही नव्हती, कणांकडे बघत होती.

"ऐकू आलं," तो म्हणाला. "दिवसभर. वळणाकडे गेलं तेही कळलं."

माइमू टेबलाला धरून उठली. फळीवरून एक छोटा पेला काढला, बाटली काढली, पेला भरला आणि तो भट्टीजवळच्या बाकाच्या कडेला, जिथे ऊन पडलं होतं तिथे ठेवला. मग तिनं बाहेरचं दार सताड उघडलं आणि ते मिटू नये म्हणून त्याला दगड लावला. हाइनो उभा राहिला. त्याला वाटलं, आपल्याला जायला सांगते आहे.

"तू बस," ती म्हणाली. "मला सांगितलंस ते बरं केलंस. तार्मोला मी परत फोन करते. पण मी काय, मी समजून घेईन. आर्नोल्डला तूच सांग."

तिनं कोंबड्यांच्या दाण्याची बादली उचलली आणि लंगडत अंगणात गेली.

हाइनो बाकासमोर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. चाळीस वर्षं ते दोघं असेच समोरासमोर बसत आले होते आणि बोलायची गरज कधी पडली नव्हती. अंगणात बादलीची कडी वाजत होती. मांजर बाकावर झोपलं होतं. थोड्या वेळानं ते उठलं, अंग ताणलं आणि सरकून बसलं.

"आर्नोल्ड," हाइनो म्हणाला, "मला ऐकू येत होतं रे."